बिंदुमाधवचे सातशे साठ

बिंदुमाधव माझ्या आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. पाठांतरात त्याच्या तोडीचा मुलगा मला पुढच्या पंचवीस वर्षांत मिळाला नाही. एकदा कानावर पडलेलं त्याला विसरता येत नसे. गणितात मात्र त्याचा हातचा नेहमी राहून जायचा. एका परीक्षेत त्याने लिहिलं होतं, 'रीत आठवत नाही, पण उत्तर चाळीस असावं.' उत्तर खरंच चाळीस होतं. पुढच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला तेव्हा ऐकलं, हे त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून मला सांगितलं.

पुढे तो वडिलांसारखाच भिक्षुक झाला. दूधविनायकावर आमची घरं समोरासमोर आहेत, आणि गल्ली एवढी अरुंद की त्यांच्याकडची फोडणी आमच्या ओसरीवर आधी कळते. काशीत आता आपल्या पद्धतीने श्राद्धाला पितृस्थानी बसणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत. त्या जागी बसलेला ब्राह्मण यजमानाच्या गेलेल्या बापाच्या वतीने जेवतो. पानात पडेल ते मुकाट्याने, सावकाश, गोडीने खायचं. शेवटी यजमान संस्कृतात विचारतो, तृप्त झालात ना? आणि ब्राह्मणाने म्हणायचं, तृप्त झालो. बिंदुमाधव हे बत्तीस वर्षं करत होता. कुणाच्या वडिलांना आळूची भाजी प्रिय होती, कुणाचे आजोबा खिरीची वाटी आधी संपवत, हे त्याला यजमानांपेक्षा जास्त ठाऊक. कितीतरी म्हाताऱ्या दाराआडून त्याला जेवताना बघत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

असं जेवून जेवून त्याचं वजन अठ्ठ्याण्णव किलो झालं होतं, आणि ते कुणाला खटकत नव्हतं. कोपऱ्यावरचा दहीवाला म्हणायचा, "पंडितजी, तोंद नहीं है ये, आधे बनारस के पुरखे बैठे हैं इसमें." बिंदुमाधव पोटावरून हात फिरवून त्याला म्हणायचा, "तेरे वाले के लिए भी जगह रखी है."

मग मुक्ताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कधीचा चढत होता, तिने सांगितलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दिवसभरात एक लिटरच पाणी, पालेभाज्या बंद, फळं बंद. ती बाई कधी फार बोलणारी नव्हती. आता उन्हाळ्यात ओठांवरून बर्फाचा खडा फिरवत ओट्याशी बसायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अहो, तुम्ही पाणी आत जाऊन प्या."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बिंदुमाधवची किडनी जुळत होती. अडचण एकच होती. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवाला धोक्याचं, म्हणून चौऱ्याऐंशीवर या, मग बोलू, असं त्यांनी सांगितलं. चौदा किलो. मुलगी रुची तेव्हा लखनौहून आलेली होती. पंचवीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तिचाही रक्तगट जुळत होता आणि ती तिथेच म्हणाली, "मग माझी घ्या ना. इसमें सोचना क्या है?"

"तुझ्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही," मुक्ता म्हणाली. "पुन्हा बोललीस तर डायलिसिसलाही जाणार नाही."

रुची आईच्याच वळणाची. तिने वाद घातला नाही. निघताना वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, पंधरा सितंबरपर्यंत तुमचं जमलं तर ठीक. नाही तर मी. आईला मी बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी बिंदुमाधव माझ्याकडे कागद घेऊन आला. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ नीरजाबाईंनी लिहून दिलेला होता. त्याच्या उंचीला, वयाला आणि चालण्याफिरण्याला रोज साधारण तेवीसशे कॅलरी लागतात, त्याने सोळाशे खाव्यात. एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे कॅलरी, हेही मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

"मास्तर, यातलं सोळाशे कळतं. पुढचं तुम्ही सांगा."

"सोळाशे कळलं म्हणजे झालं. रोज तेवढं खायचं."

"किती दिवस?"

मी पेन्सिल घेतली. चौदा किलोचे एक लाख सात हजार आठशे. रोज सातशे कमी पडणार. "एकशे चोपन्न दिवस," मी म्हणालो.

त्याने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे डिसेंबर. रुची तर पंधरा सितंबर म्हणाली. आजपासून सत्तर दिवस होतात. सत्तर दिवसांत करायचं तर?"

मी तिथेच पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. पण जन्मभराची सवय, कुणी उदाहरण घातलं की सोडवायचं. "सत्तरने भागलं तर रोज पंधराशे चाळीस कमी. तेवीसशेतून गेले, राहिले सातशे साठ. पण हे नुसतं भागाकारापुरतं, बिंदू. एवढ्यावर माणूस उभा राहत नाही. नीरजाबाईंनी सोळाशे विचार करूनच लिहिलं असेल."

"हो हो," तो म्हणाला. "सहज विचारलं."

कागदाची घडी खिशात घालून तो गेला. मला वाटलं, समजलं याला.

रुचीने त्याच्या फोनमध्ये जेवणाची नोंद ठेवायचं अ‍ॅप घालून दिलं होतं. त्याने त्यात सातशे साठ भरून पाहिलं, पण अ‍ॅप एवढा कमी आकडा घेईना. मग त्याने भिंतीवरच्या पंचांगाच्या पानामागे पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की बिंदुमाधव उतरतो आहे. सदऱ्याचे खांदे लोंबायला लागले. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या तो पूर्वी दोनदा थांबून चढायचा, आता पाचदा थांबायला लागला. मी विचारलं, तर म्हणाला, "वजन कमी झालं की चाल बदलते म्हणतात."

घरी कुणाला संशय आला नाही याचं कारण त्याच्या धंद्यातच होतं. मुक्ता पान मांडायला लागली की तो म्हणायचा, यजमानांकडे जेवून आलो. यजमानांकडे पूजा आटोपली की म्हणायचा, डॉक्टरने बाहेरचं बंद केलं आहे, घरी मोजून जेवतो. दोन्ही घरांना वाटायचं, बिंदुभट दुसरीकडे जेवतो आहे. आणि बिंदुभट उपाशी आहे, अशी शंका घेणारा माणूस बनारसमध्ये नव्हता. उपासाची त्याला लहानपणापासून सवय. एकादशी, प्रदोष, चतुर्थी. तो मला म्हणाला होता, "मास्तर, कठीण काही नाही. रोज एकादशी आहे असं समजायचं." मी हसलो होतो.

ठठेरी बाजारातल्या औषधाच्या दुकानात काटा होता. तिथे तो दर मंगळवारी वजन करायचा आणि येताना माझ्या दारात आकडा सांगून जायचा. पंच्याण्णव. ब्याण्णव. नव्वद. मुक्ताचा चेहरा त्या दिवसांत जरा उघडला होता. एकदा ती माझ्या बायकोला म्हणाली, "लग्नात असे दिसायचे हे." सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काटा शहाऐंशीवर आला. दोन किलो राहिले होते.

पितृपक्ष लागला. त्या वर्षी बिंदुमाधवने सगळी आमंत्रणं नाकारली होती. पण पंचमीच्या आदल्या दिवशी विद्युल्लताबाई स्वतः आल्या. पंचगंगेजवळ राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा, काशीनाथराव, गेल्या वर्षी गेले. मुलगा सुश्रुत रेल्वेत, गोरखपूरला, श्राद्धासाठी रजा काढून आलेला. ठरलेल्या ब्राह्मणाला ताप भरला होता.

"दुसरं कोणी नाही रे," त्या म्हणाल्या. "एकाला विचारलं, तो म्हणतो पाकिटं करून द्या, घरी नेतो. पाकिटात कसं जेवतील हे?"

बिंदुमाधव मुक्ताकडे बघत होता. मुक्ता म्हणाली, "जा. एका दिवसाने काय होतंय?"

तो म्हणाला, "येतो, काकू." आणि त्याने मनाशी हिशेब केला. त्या दिवशी रात्री काही घेतलं नाही, सकाळी पाण्यावर राहिला. सगळे सातशे साठ त्या एका पानासाठी ठेवले.

पान काशीनाथरावांच्या आवडीचं होतं. वडे, खीर, तुपातली पुरणपोळी, कढी, आमसुलाची चटणी. सुश्रुत वाढत होता. त्याला सोवळं नेसायची सवय नव्हती, एका हाताने कासोटा सावरत दुसऱ्याने वाढायचा. मी कुटुंबातल्यासारखा, म्हणून ओसरीवर बसलो होतो. बिंदुमाधवने सुरुवात अगदी बेताने केली. अर्धा वडा. चमचाभर खीर. मग त्याने वर पाहिलं तर दाराशी विद्युल्लताबाई उभ्या होत्या. त्या त्याच्या पानाकडे बघत होत्या. श्राद्धात बोलायचं नसतं. सुश्रुतने दुसरी पोळी वाढली आणि तुपाची वाटी हातात घेऊन तसाच वाकून उभा राहिला, ओतू की नको. बापाला असंच विचारत असेल.

बिंदुमाधव जेवला. पूर्वी जेवायचा तसा. सहा वडे, तीन पोळ्या, दोनदा खीर. पानात शीत ठेवलं नाही. सुश्रुतने कागदावर बघून अडखळत विचारलं, आणि याने खणखणीत आवाजात 'तृप्तोऽस्मि' म्हटलं. विद्युल्लताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

ओसरीच्या पायऱ्या उतरताना त्याने माझा हात धरला आणि तिथेच पायरीवर बसला. कपाळाला घाम, उजव्या बरगडीखाली दोन्ही हात दाबलेले. गल्लीत गाडी येत नाही. सुश्रुतने आणि दोघा नावाड्यांनी त्याला खुर्चीत घालून मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीने रुग्णालयात.

पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, इतक्या झपाट्याने वजन उतरवलं की होतात, त्यावर असं तुपातलं जेवण. रक्त उतरलेलं होतं, क्षार खाली गेलेले होते. नीरजाबाई खाटेशी येऊन हळूच म्हणाल्या, "पंडितजी, खरं सांगा. रोज किती खात होतात?"

"सातशे साठ."

"हा आकडा कुणी दिला?"

तो माझ्याकडे बघणार नाही याची मला खात्री होती. त्याने पाहिलं नाही. "मीच काढला," तो म्हणाला.

"मी काढून दिला," मी म्हणालो. त्यावर बाईंनी पेन उघडलं. त्यांनी नवा कागद लिहिला: अठराशे, आणि त्याखाली दोन रेघा. वजन उतरवायची घाई आता नाही. चौऱ्याऐंशीला बसायचं तर सावकाश, महिन्याला दोन किलोंच्या वर नाही. आधी पित्ताशयाचं ऑपरेशन, मग निदान सहा महिने नीट जेवून प्रकृती स्थिर ठेवायची. तोवर पंडितजींची किडनी घेण्याचा विचार कुणी करणार नाही.

मुक्ता डायलिसिस उरकून त्याच रुग्णालयाच्या खालच्या मजल्यावरून वर आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिला पंचांगामागचे आकडे सापडले. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "जास्त खाऊन काही झालं असतं तर मी नशिबाला बोल लावला असता. उपाशी राहून मला फसवलंत तुम्ही. मी रोज विचारायची, जेवलात का."

बिंदुमाधव म्हणाला, "दोनच किलो राहिले होते गं."

रुचीची पंधरा सितंबर उलटून गेली, तरी मुक्ता तिची किडनी घ्यायला तयार होत नव्हती. नोव्हेंबरात तिच्या हातावरची डायलिसिसची नस बंद पडली. दुसरी करून पाहिली, तीही टिकली नाही. डॉक्टरांनी रुचीला बोलावून घेतलं. त्या दिवशी बिंदुमाधव त्र्याऐंशी किलोंचा होता, पित्ताशय काढून महिना झाला होता, आणि तो डॉक्टरांसमोर उभा राहून म्हणाला, "आता तर मी चौऱ्याऐंशीच्याही खाली आहे. माझी घ्या." डॉक्टर त्याला बराच वेळ समजावत होते. त्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाला.

मुक्ता कशी तयार झाली ते मला माहीत नाही. रुची आणि ती, दोघीच खोलीत होत्या. बाहेर आल्या तेव्हा मुक्ताने भिंतीकडे तोंड केलेलं होतं आणि रुची तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. सकाळी सात वाजता आधी रुचीला नेलं. चाकाच्या खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "बाबा, आत्ता नाश्ता, दोन बजे खाना. मास्टरजी, आप देखिएगा. दोन माणसांना घरी सांभाळायचं आहे यांना, चक्कर आलेली नको." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणायला ओठ हलवले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना आशीर्वादाचे मंत्र म्हणणारा माणूस, त्याला त्या वेळी एकही आठवला नाही. खाट दारातून आत गेली.

अर्ध्या तासाने मुक्तालाही नेलं.

दोन वाजता मी त्याला खालच्या कँटीनमध्ये घेऊन गेलो. डाळ, भात, दोन पोळ्या, दुधीची भाजी. तो थाळीसमोर बसला. मी म्हणालो, "बिंदू, जेव." तो म्हणाला, "हो." भाजी थंड झाली, डाळीवर साय धरल्यासारखं झालं. कँटीनचा माणूस येऊन विचारून गेला, खाना ठीक नहीं है क्या. बिंदुमाधवने मान हलवली, ठीक आहे. मग त्याने पोळीचा एक तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ चावत राहिला. गिळल्यावर दुसरा मोडला.

वर जाऊन काही कळलं का ते बघायला मी उठलो, तेव्हा त्याची अर्धी पोळी व्हायची होती.