नारळाचं पाणी आणि ब्रेकची बत्ती

१९९१ साल होतं आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. दुर्गजवळ रसमड्याला एका शेठचं वर्कशॉप होतं, तिथं मी पिकप चालवायचो. वर्कशॉपात बनलेले बोल्ट, पट्ट्या, जाळ्या भरायच्या आणि भिलाईला स्टील प्लांटमध्ये नेऊन उतरवायच्या, हे माझं काम. नऊ वर्षं ती एकच गाडी माझ्या हाताखाली होती. दुसऱ्या कोणी तिचं दार लावलं तर नुसत्या आवाजावरून मला कळायचं.

प्लांटच्या आत जायला गेट-पास लागे. पास वर्षाचा बनायचा. त्यावर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव. एकदा ज्याचं नाव चढलं तोच वर्षभर आत जाणार. ऑक्टोबरात नवा पास बनायचा आणि त्याआधी सेफ्टीचे साहेब गेटवर गाडी तपासायचे. त्या वर्षी मी ऐटीत गाडी लावली. हॉर्न झाला, हँडब्रेक झाला. साहेब मागं जाऊन उभे राहिले.

"ब्रेक मारो."

मी मारला.

"अरे, मारो भाई."

"मार तो रहा हूँ, साहब."

ते सावकाश चालत माझ्या खिडकीशी आले. "पीछे दोनों बत्ती बंद है. कल सुबह सात बजे तक ठीक करके लाओ. नहीं तो पास नहीं बनेगा."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. आत लोखंड वाहणाऱ्या मोठमोठ्या गाड्या, मधेमधे रेल्वेचे रूळ, वरून धूळ. तुमचा ब्रेक मागच्याला दिसला नाही, तर तो सरळ तुमच्यावर येतो.

शेठनं दुर्गहून आपला नेहमीचा वायरिंगवाला मिस्त्री बोलावला. तरणा पोरगा, आयटीआय केलेला, खिशाला दोन पेनं. त्यानं खाली वाकून टॉर्च मारली, दोन वायरी ओढून पाहिल्या आणि हात झटकले. "पूरी वायरिंग जल गई है, शेठजी. सब बदलना पड़ेगा. तीन दिन लगेंगे."

शेठ माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तो कल किराए की गाड़ी लगा देता हूँ. उसका ड्राइवर भी साथ में है."

म्हणजे पासवर त्या ड्रायव्हरचं नाव. म्हणजे वर्षभर मी वर्कशॉपात झाडू मारायचा नाहीतर घरी बसायचं.

मी म्हटलं, "शेठजी, वायरिंग नहीं जली. जलती तो बास आती. नौ साल से मेरी नाक इसी गाड़ी में है."

मिस्त्री हसला. "चाचा, आप स्टेरिंग देखो, करंट हमको देखने दो. कितना पढ़े हो?"

"चौथी."

"तो?"

त्या 'तो'वर वर्कशॉपातले चार जण हसले. मला राग लवकर येतो, पण रागात माझा हात थरथरत नाही, ही देवाची कृपा. मी शेठला म्हटलं, "आज के दिन गाड़ी मेरे पास रहने दो. कल सात बजे गेट पर बत्ती नहीं जली, तो उस ड्राइवर को चाबी मैं खुद दूँगा." शेठनं खांदे उडवले. म्हणाले, "ले जा. जो बचा है वो मत बिगाड़ना."

भिलाईच्या हुडको वसाहतीत आमची भाड्याची खोली होती. दारापुढं गाडी लावली, मागचं पुढचं बघत हळूहळू आणली होती. बायको तांदूळ निवडत होती. ती भर दुपारी गाडी पाहून म्हणाली, "काऊन जी, आज सुट्टी हाय का?"

"सुट्टी होईन, तू मदत नाही केली त. ये, गाडीमांगं उभी राह्य."

"अन् काय करू तिथं?"

"लाल बत्ती लागली का, लागली म्हनून सांग. बस."

ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. मी मनात हिशोब लावला, तो असा. मागचे दोन्ही बल्ब एकाच दिवशी मरत नाहीत. एक मेला असता तर मानलं असतं. तरी काढून पाहिले, तारा शाबूत. रात्री मागचे साधे दिवे लागत होते, म्हणजे अर्थिंगही बरोबर. हॉर्न आणि ब्रेकची बत्ती एकाच फ्यूजवर, आणि हॉर्न तर गल्लीतली कुत्री उठवत होता. म्हणून फ्यूजही गेला नाही. उरलं काय, तर ब्रेकच्या पेडलवर, वरच्या अंगाला बसलेला अंगठ्याएवढा स्विच. पाय पेडलवर नसतो तेव्हा पेडलचा दांडा त्या स्विचची पिन दाबून धरतो आणि बत्ती बंद राहते. पाय दिला की दांडा सरकतो, पिन बाहेर येते, बत्ती लागते. एवढंच त्याचं काम.

माझ्याकडं टेस्टर म्हणजे एक जुना बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक वायर लोखंडाला लावली, दुसरी स्विचच्या एका टोकाला. बल्ब पेटला. करंट तिथवर येत होता. मग ब्रेक दाबून दुसऱ्या टोकाला लावली. अंधार. तिथंच मला हसू आलं. स्विचच्या दोन्ही वायरी काढल्या, तांब्याच्या एका तुकड्यानं एकमेकींना जोडल्या आणि ओरडलो, "पाह्य बरं."

"लागली."

"दोन्ही?"

"दोन्ही. लालभडक. तुमच्या डोयावानी."

तीन दिवसांची वायरिंग त्या तांब्याच्या तुकड्यात मिटली. करंट गाडीच्या पार मागंपर्यंत जात होता, अडत होता फक्त स्विचमध्ये.

पान्यानं स्विच काढला. पिन आत बसलेली, बाहेर यायला तयारच नाही. तिच्याभोवती लालसर काळा चिकट थर होता. बायकोनं स्विच हातात घेतला, थर नखानं खरवडला, नाकाशी नेला.

"हे त कुकू हाय," ती म्हणाली. "अन् गोडगोड वास येऊन राह्यला. स्विचची पूजा कोनं केली?"

मी तिच्या हातून स्विच परत घेतला. पंधरा-वीस दिवसांआधी विश्वकर्मा पूजा झाली होती. त्या दिवशी आमच्याकडं मशिनी धुतात, हार घालतात, गाडीच्या चाकापुढं नारळ फोडतात. सगळेच करतात. माझी रीत मात्र वेगळी होती. नारळाचं पाणी मी चाकाला देत नसे, ब्रेकला देत असे. चाक तर बैलगाडीलाही असतं, जीव ब्रेक वाचवतो. दर वर्षी दोन थेंब शिंपडायचो. त्या पावसाळ्यात दुर्गच्या रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली होती आणि गाडी तिच्या शिंगाला टेकून थांबली होती, म्हणून या वर्षी अख्खा नारळ पेडलच्या दांड्यावरून ओतला, वर मूठभर कुंकू. साखरेचं पाणी आणि कुंकू स्विचात उतरलं, सुकलं आणि पिनेला धरून बसलं.

"तुमीच ना?" बायको म्हणाली.

"ब्रेकनं जीव वाचोला होता."

"मंग त्याले जेवू नसतं घालाचं. हात जोडले असते, भागलं असतं."

मी स्विच रॉकेलमध्ये घोळला. पिन मोकळी झाली, पण आतलं पितळ हिरवं पडलं होतं. असा स्विच आज चालतो आणि उद्या साहेबांसमोर बसतो. मी सायकल काढली आणि दुर्गला स्पेअरच्या दुकानात गेलो. दुकानाच्या बाकावर तोच मिस्त्री चहा पीत बसला होता.

"चाचा, वायरिंग लेने आए?"

"ब्रेक का स्विच," मी दुकानदाराला म्हटलं, आणि जुना काउंटरवर ठेवला.

मिस्त्री म्हणाला, "ले लो, ले लो. कल फिर आना, वायरिंग मैं लगा दूँगा."

दुकानदारानं तसाच नवा स्विच काढला, मी पिन दाबून पाहिली, चारदा, पाचदा. टकटक चालत होती.

ऊन उतरायच्या आत स्विच बसवला. पेडलवर पाय दिला.

"लागली," मागून आवाज आला.

पाय काढला.

"लागूनच हाय."

"इझली नाही?"

"नाही जी. आता इझतच नाही. अगुदर लागत नव्हती, आता इझत नाही. तुमच्यासारखीच हट्टी हाय."

मला कळलं, स्विच दांड्यापासून दूर बसला होता, पिन पुरती दाबली जात नव्हती. नट सैल केला, स्विच दोन आटे पुढं घेतला, पुन्हा आवळला. पाय दिला, लागली. काढला, विझली. वीस वेळा केलं. शेवटी बायको म्हणाली, "मी आता तांदूळ शिजोतो, तुमी बसा ब्रेक दाबत." मी खरंच बसलो. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडायचा, जायचा. शेजारचे दोघे-तिघे दारात येऊन पाहत उभे राहिले, आणि गाडीला काय झालं होतं ते मी प्रत्येकाला वेगवेगळं आणि पूर्ण सांगितलं. नारळ सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी मी गेटवर पहिल्या नंबरला होतो. शेठ आपल्या स्कूटरवर आले, मागं भाड्याची गाडी आणि तिचा ड्रायव्हरही आणला होता. साहेब पिकपच्या मागं उभे राहिले. "मारो." मी मारला. "छोड़ो. मारो." ते पुढं आले. "किसने बनाया?"

"मैंने."

"क्या था?"

"स्विच था, साहब. वायरिंग एकदम ठीक है." हे मी शेठला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. शेठ भाड्याच्या ड्रायव्हरला हातानंच जा म्हणाले.

साहेबांनी फॉर्म भरला, ड्रायव्हरच्या सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि शाईचा डबा माझ्याकडं सरकवला. "अंगूठा लगा दो."

"पेन दो, साहब," मी म्हटलं. बोनेटवर कागद ठेवला आणि माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एकेक अक्षर जोडून लिहिलं. चौकट पुरली नाही, आडनाव बाहेर गेलं. मग पास काचेला लावला आणि गाडी आत घेतली.