‘जमतं’ म्हणालो, तिथंच चुकलो

मी सर्वांत जास्त कुणाचं देणं लागतो, तर नसरीन मॅडमचं. त्या खामगावच्या, फिजिओथेरपिस्ट. आणि खोटं बोललो तेही त्यांच्याशीच.

वडनेरजवळ हायवेवर माझी मोटरसायकल ट्रॉलीवर आदळली. तीन दिवसांनी दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा डॉक्टर बाबांना सांगत होते, “ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी आहे.” म्हणजे मार लागून मेंदूला झालेली इजा. हाड मोडलं तर ते फोटोत दिसतं आणि सांधतं. मेंदूचं तसं नसतं. माझा उजवा हात माझं ऐकेना. सकाळचं बोलणं दुपारी पुसलं जाई. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि मला माझी सही येईना.

त्याच दवाखान्यात अशा रुग्णांवर एक संशोधन चालू होतं. डोक्याला मार लागल्यावर कोणत्या व्यायामानं किती फरक पडतो, ते तपासत होते. त्यात माझं नाव लागलं. आठवड्यातून तीनदा बाबा मला घेऊन जात. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात, तेवढे दिवस त्यांचा खाडा पडे.

नसरीन मॅडमनी रेती भरलेली पिशवी माझ्या डाव्या हातात दिली. “उजवा रुसला तं रुसू दे. डाव्याले कामाले लाव. फेक!” मी फेकली. ती त्यांच्याच पायाशी पडली. “माह्यावर राग आहे काय रे?” त्या हसल्या. चार महिन्यांत पिशवी भिंतीपर्यंत जाऊ लागली. अपंगांच्या खेळांत गोळाफेक असते, हे मला त्यांनीच सांगितलं. मी कॉलेजात कबड्डी खेळायचो. पुन्हा मैदानावर जाता येईल, हे ऐकून त्या रात्री मी पहिल्यांदा नीट जेवलो.

सहा महिन्यांनी शेवटचा फॉर्म भरायचा होता. आदल्या दिवशी बाबांनी माझा शर्ट इस्त्री करून आणला. म्हणाले, “मॅडम इतकी मेहनत करून राह्यली. नाही जमत म्हणू नोको, तिले वाईट वाटन.”

आमच्याकडे हीच रीत आहे. ज्यानं आपलं केलं, त्याच्यासमोर रडगाणं गायचं नाही.

मॅडमनी विचारलं, “शर्टाची बटणं लावता येतात?”

“हो, जमतं.”

“ग्लासात पाणी ओतता येतं?”

“जमतं.”

“सांगितलेलं लक्षात राहतं?”

“राहतं.”

त्यांनी पेन थांबवला. “अरे प्रमोद, पेपर नाही हा. मले खुश करू नको, खरं सांग.”

बाबा मागून म्हणाले, “बरा झाला मॅडम पोरगा, तुमच्यामुळं.”

त्यांनी लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून माझे व्यायाम बंद झाले. ज्यांना जमत नाही त्यांना आणखी सहा महिने मिळणार होते. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. याचा राग मला आजही येतो. एवढी कागदपत्रं केलीत, एवढ्या सह्या घेतल्यात. मग उत्तराचा परिणाम काय, ही एक ओळ सांगायला तोंड दुखत होतं काय?

खरा फटका मला बुलढाण्यात बसला. तिथं अपंगांच्या खेळांसाठी जिल्ह्याची निवड चाचणी होती. खेळण्याआधी डॉक्टर अपंगत्व किती ते तपासून गट ठरवतात. माझी फाईल पाहून ते म्हणाले, “यात तर तू पूर्ण बरा आहेस. कोणत्या गटात बसवू?”

“सर, हात बघा ना.”

“कागद असा असताना हात बघून काय करू?”

रांगेतून कुणीतरी बोललं, “धडधाकट तं दिसून राह्यला. दुसऱ्याची जागा काऊन अडवतं बे?”

मी तिथल्या तिथं शर्टाचं बटण काढून पुन्हा लावायला घेतलं. बोटं घसरत राहिली. तोवर डॉक्टरांनी पुढचं नाव पुकारलं होतं.

परतताना आम्ही एसटीनं नांदुऱ्याला आलो. उतरताना बाबा म्हणाले, “मीच बोलाले लावलं तुले.”

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर एवढंच सांगतो. दवाखान्यात इस्त्रीचा शर्ट घालून जा, पण बटणं त्याला स्वतःला लावू द्या. आभार मानायचे असतील तर फॉर्म भरून झाल्यावर माना.

बुलढाण्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मॅडमना पत्र पाठवलं. ते असं:

“नसरीन मॅडम, सविनय जयभीम.

शेवटच्या फॉर्मवरची माझी तिन्ही उत्तरं खोटी आहेत. बटणं माय लावते. पाणी ओतताना निम्मं खाली सांडतं. सांगितलेलं तळहातावर लिहून ठेवावं लागतं. तुम्ही खरं सांग म्हणाला होतात. तुमचे उपकार मोठे, म्हणून मी खोटं बोललो. माझी पुन्हा तपासणी करा. पुढची निवड चाचणी मला सोडायची नाही.

हे पत्र तुम्ही तयार केलेल्या डाव्या हातानं लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं आहे. बाबा म्हणाले, ‘दुसऱ्या कागदावर कोणाकडून नीट लिहून घे.’ मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, ‘नोको. असंच जाऊ दे.’

फाईलला हेच लावा.

तुमचा,
प्रमोद”