नारिंगी रंगवलेली हेडं

माझ्या बायकोला निर्णय घेता येत नाही असं मी म्हटलं तर आमच्या गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. ट्विला गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याला बसते. सुगीत ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत लागलेली असते आणि ही बाई भल्याभल्यांना तोंडावर सांगते, "ओला आहे तुझा गहू. घेऊन जा परत." शेकडो एकरांचे मालक तिला टरकून असतात. पण एका गाडीच्या इंजिनाच्या हेडांवरून तिनं जो घोळ घातला ना, तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

गाडी तिच्या वडिलांची. ऑरिन ड्रायलिंग, माझे सासरे, आमच्या समोरच रस्त्यापलीकडे राहतात. त्यांची एकोणसत्तर सालची नोव्हा, नारिंगी इंजिनाची. तरुणपणी त्यांनी ती शर्यतीत पळवली, जिंकली, इंजिनाचे तुकडे केले आणि मग कितीतरी वर्षं ती आमच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. माझा पिकअप त्यामुळे बर्फात उभा. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरनं सासऱ्यांना सांगितलं की नजरेचा मधला भाग जातोय, या वर्षाअखेर स्टिअरिंग विसरा. त्या संध्याकाळी ट्विलानं ताडपत्री काढली.

"गाडी पुन्हा चालती करते, डॅड. पहिली तूच चालवायचीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा ढकलगाडी ढकलत आला. त्यात त्यांची जुनी लोखंडी हेडं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. हेड म्हणजे इंजिनाचं डोकंच, व्हॉल्व्ह बसवलेलं जाड झाकण. ही दोन त्यांनी स्वतःच्या हातांनी घासली होती. हवा जायच्या आतल्या वाटा गुळगुळीत केल्या होत्या, खालचा भाग दोनदा तासून घेतला होता.

"तू जन्मलीस त्या हिवाळ्यात घासली ही," ते म्हणाले. "या जिल्ह्यात यांच्या पुढे कुणी गेला नाही. घे, बसव."

इथवर सगळं सरळ होतं. मग ट्विलाच्या डोक्यात टर्बो शिरला. नुसतं जुनं इंजिन कशाला, डॅडला जन्मात मिळाला नाही असा जोर देते म्हणाली. टर्बोचं खोकं आलं. सासरे येऊन बघून गेले. "हं. छान," म्हणाले.

मग तिनं ती हेडं मोजली, आणि गॅरेजात उलट्या बादलीवर मटकन बसली.

"काय झालं?"

"चालणार नाहीत ही. तासून तासून आत जागाच ठेवली नाही त्यांनी. टर्बो हवा कोंबणार, वरून जागा इतकी घट्ट. कुकरची शिटी दाबून धरल्यासारखं होईल बघ. पिस्टन फुटतील."

"मग सांग ना त्यांना!"

"सांगते रे."

सांगते कसली! तोंडात मिठाची गुळणी. एकीकडे लोखंडी हेडं मांडणीवर तशीच, दुसरीकडे नवी कुठली घ्यावी यावर गावभर चर्चा. पार्ट्सच्या दुकानातला ड्युएन म्हणाला, मोठ्यात मोठ्या वाटांची घे, मागे बघू नकोस. न्हावी म्हणाला, ड्युएनला अक्कल नाही, रस्त्यावरच्या गाडीला लहान वाटाच हव्यात, नाहीतर टर्बो जागा होईपर्यंत माणूस झोपेल. चर्चच्या जेवणात कोबी-खिम्याचे पाव वाढता वाढता तिनं फादरना विचारलं. फादरनी अॅल्युमिनियमची घे म्हणून सांगितलं! त्यांचा भाऊ म्हणे शर्यतीच्या गाड्या करतो. मी पाव खाली ठेवला.

रोज संध्याकाळी सासरे यायचे. "कुठवर आलं?"

"गॅस्केट यायचंय, डॅड."

काय गॅस्केट आणि काय! ते कधीच येऊन पडलं होतं. गहू पिवळा झाला. एकदा सासऱ्यांनी त्यांचा पिकअप मागे घेताना आमच्या टपालपेटीचा खांब वाकवला. "कुणी इतक्या रस्त्यात रोवली ही?" म्हणून उलट माझ्यावरच खेकसले. पेटी तीस वर्षं तिथंच आहे. सुगी संपली तेव्हापासून त्यांचा पिकअप दारातच उभा, ते सगळीकडे पायी जायला लागले. का, ते कुणी विचारलं नाही. पण मला झोप लागेना.

शेवटी मी भडकलो. "ट्विला, त्यांचे डोळे तुझ्या गॅस्केटसाठी थांबणार आहेत का? एक घाव दोन तुकडे कर. जाऊन सांग, नाहीतर मी सांगतो."

"खबरदार," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "त्या माणसाजवळ आता दुसरं काय राहिलंय अभिमान वाटावा असं? मी तेही काढून घेऊ?"

कपाळावर हात मारला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या आठवड्यात तिनं लहान वाटांची अॅल्युमिनियमची हेडं मागवली. बसवली. आणि मग त्यांना रंग दिला. नारिंगी, जुन्या लोखंडी हेडांना होता तसाच्या तसा. ती ब्रश फिरवत होती आणि मी दारात उभा होतो.

"हे काय चाललंय?"

"त्यांना आता नुसता रंग दिसतो," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, सासऱ्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. फेंडरवर हात ठेवून गाडीभोवती सावकाश फिरले, मग उघड्या बॉनेटवर वाकले. "नारिंगी," म्हणाले. ट्विलानं माझ्याकडे बघून श्वास सोडला.

तेवढ्यात त्यांचा हात खिशाकडे गेला. आम्ही दोघंही विसरलो होतो! आमच्याकडचे जुने लोक सेकंडहँड गाडी घेताना चुंबक लावून बघतात, पत्र्याच्या जागी पुट्टी तर भरली नाही ना. सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात तो चुंबक जन्मभर आहे. चर्चमध्येसुद्धा.

त्यांनी तो हेडाला लावला आणि हात काढला. चुंबक खाली पडला. वाकून, चाचपून उचलला. दुसऱ्या बाजूच्या हेडाला लावला. पुन्हा पडला. या वेळी त्यांनी उचलला नाही.

"अॅल्युमिनियम."

"डॅड, मी... तुझी हेडं..."

"माझी बसवली असतीस तर पहिल्या मैलातच पिस्टनचा भुगा झाला असता. टर्बोवर ती हेडं? वेडी आहेस का?"

ट्विलाचं तोंड उघडंच राहिलं. "तुला माहीत होतं?"

"खोकं पाहिलं त्या दिवशीच. म्हटलं, आता येईल पोरगी. म्हणेल, डॅड, ही चालत नाहीत, कुठली घेऊ? वाट बघत बसलो. तू ड्युएनला विचारलंस. न्हाव्याला विचारलंस. अगं, फादरला विचारलंस! गावात सगळे मला येऊन सांगत होते. समोर बाप बसलाय, त्याला नाही विचारलं."

"मग तू तरी बोलायचंस ना!"

"मी का बोलू? गरज तुला. तू विचारायचंस."

खाण तशी माती! मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. रस्त्याच्या अल्याड एक, पल्याड एक, आणि वर्ष गेलं मधल्यामध्ये.

ट्विलानं किल्ली पुढे केली. त्यांनी हातही उचलला नाही.

"वसंतात मला रस्ता दिसत होता, ट्विला," ते म्हणाले, आणि घराकडे चालायला लागले.

ट्विला गाडीत बसली. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं. ते पाचशे घोड्यांचं धूड ती म्हाताऱ्याच्या मागून पावलापावलानं नेऊ लागली, खिडकी उघडी ठेवून. त्यांनी मान वळवली नाही. वाकलेल्या टपालपेटीपाशी त्यांचा हात खांबाला लागला आणि ते थांबले. तिनं आतून पलीकडचं दार ढकललं.

"बस ना, डॅड."

"त्या बाजूला मी या गाडीत कधी बसलेलो नाही."

"माहितीय," ती म्हणाली. ती रडत होती.

मग ते दाराची चौकट चाचपत आत बसले. मला इथून ऐकू आलं, "आता काय चालतच नेणार आहेस? दाब."

आमच्याकडचे रस्ते सुतानं आखल्यासारखे सरळ. टर्बोची शीळ कितीतरी वेळ ऐकू येत राहिली, मग दिसायला फक्त धुळीचं बोट राहिलं. परत आले तेव्हा सासऱ्यांचे केस उभे राहिले होते आणि चेहऱ्याला रंग चढला होता.

"कशी आहे?" मी विचारलं.

"वाटा बरोबर निवडल्यास पोरी," ते माझ्याकडे न बघता तिला म्हणाले. "पाठ सीटला चिकटली. रस्ता तेवढा नाही दिसला."

मी गॅरेजातून चुंबक उचलून आणला आणि त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तो चाचपला, आणि माझी मूठ त्यावर मिटली.

"तिला दे," ते म्हणाले. "मला आता गाडी घ्यायची नाही."