हवेचं शिळं पाणी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात बऱ्याच वस्तू विकल्या. विमा, पाण्याचे फिल्टर, मध्यंतरी पाठदुखी घालवणाऱ्या गाद्या. त्यामुळे हवेतून पाणी काढणाऱ्या मशीनच्या कंपनीत लागलोय, असं तो म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "चला, हवाच तेवढी विकायची राहिली होती!" तो हसला. माणूस गुणी आहे हो, फक्त एका जागी टिकत नाही. पण या वेळी प्रकरण नाजूक होतं. पहिली ऑर्डर आणली तर नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नंतर कोण दारात उभं करणार? तो हे बोलून दाखवायचा नाही, पण जेवताना घास हातात धरून बसून राहायचा. मला बघवायचं नाही.

पहिलं गिऱ्हाईक त्याने पायाखालीच शोधलं, आमची सोसायटी. करी रोडला जिथे सासूबाईंची चाळ होती तिथेच आता टॉवर उभा आहे, आणि तीच चाळीतली मंडळी लिफ्टने वर जाऊन कमिटी झाली आहेत. खाली लॉबीत एक मोठं मशीन बसवायचं, असा नवऱ्याचा बेत. नमुना म्हणून कंपनीने एक लहान मशीन दिलं, ते आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी येऊन बसलं. पंख्याने हवा आत ओढायची, आतल्या गार नळ्यांवर तिचे थेंब जमवायचे आणि गाळून टाकीत सोडायचे, एवढंच त्याचं काम. रात्रभरात बादलीभर पाणी देईल, असं नवरा छातीठोकपणे सांगत होता. मुंबईच्या हवेत पाणी आहे हे मात्र मला नव्याने कळलं नाही. आमचे पापड ते कधीपासून सांगतायत.

सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नवऱ्याने बटण दाबलं, आणि आम्ही झोपलो.

सकाळी सात वाजता टाकी पाहिली तर तळाला जेमतेम पेलाभर पाणी. विजेच्या बिलाच्या धास्तीने मशीन फक्त रात्रीच लावायचो; दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने मशीन खिडकीशी नेलं, मग गॅलरीत, मग पुन्हा हॉलमध्ये. कंपनीचा इंजिनियर येऊन बघून गेला. मशीन ठणठणीत आहे म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. नवऱ्याचा चेहरा उतरला. कमिटी रविवारी दहाला बघायला येणार होती.

"सकाळी प्रेशर कमी असात रे," सासूबाई म्हणाल्या. "खालचे मजले आधी खेचतत."

"आई, ही हवा आहे. हवेला प्रेशर कसलं?"

"मग तुझं मशीन सकाळी रिकामं का?" तो मशीनचं झाकण पुन्हा उघडून बघायला लागला. मी फक्त एवढंच पाहिलं की हल्ली आमची गॅलरी आरशासारखी लखलखतेय आणि तुळस पाण्याने नुसती डबडबलीय.

रविवारी कमिटीसाठी पोहे करायचे म्हणून मी पहाटेच उठले. हॉलमध्ये दिवा लागलेला. सासूबाई मशीनपुढे पाटावर बसल्या होत्या, नळ सोडलेला, खाली बादली काठोकाठ भरत आलेली. शेजारी टाकी पुसायचा फडका, स्वच्छ धुतलेला.

"अहो आई, हे काय करताय?"

"काय म्हणजे? रातचा पाणी ता. शिळा." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी अंघोळ न करता देवघरात शिरले होते. "पावण्यांक शिळा पाजूचा? आता ताजं येईल ना."

बादलीकडे पाहिलं आणि मला सगळं उमगलं. चाळीत नळ पहाटे यायचा. तो यायच्या आत आदल्या दिवसाचं पिण्याचं पाणी ओतून टाकायचं, हंडा लख्ख घासायचा आणि ताजं भरायचं, हा यांचा जन्माचा नेम. टॉवरमध्ये नळाला दिवसभर पाणी असतं, तरी तो सुटला नाही. आणि रोज पहाटे, आम्ही घोरत असताना, त्या लेकाच्या मशीनचीही हीच सेवा करत होत्या! नवऱ्याला उठवून सांगितलं तेव्हा त्याला आईवर ओरडताही येईना आणि हसताही येईना. तो तसाच डोकं धरून बसला.

दहाला चेअरमन आणि सेक्रेटरी आले. बादलीतलं शिळं सासूबाईंनी वापरू दिलं नाही, ती गॅलरीत नेऊन ठेवली; टाकीतल्या ताज्या पाण्यात चहा झाला तो अर्धा अर्धा कप. सेक्रेटरींनी कपात डोकावून पाहिलं. "एवढंच देतं होय रे?"

नवऱ्याने घाईघाईने पोह्यांच्या बश्या पुढे केल्या.

"एवढंच कसं?" सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "बादली भरून देतंय मेलं! रोज पहाटे ओतून ओतून माझी कंबर मोडली. तुळस कुजायला आली बघ. गॅलरी बघ! खोटं वाटत असेल तर ती बादली बघ, अजून ओतली नाही."

चेअरमन खरंच उठून गॅलरीत गेले. बादली पाहिली, तुळस पाहिली. "काकी कधी वस्तूचं कौतुक करतात का?" ते सेक्रेटरींना म्हणाले. "चाळीत असताना आमच्या लग्नातल्या जेवणालाही नावं ठेवली होती यांनी." दोघं पोहे खाऊन उठले ते लॉबीतली जागा मोजायलाच खाली गेले. ऑर्डर मिळाली. नोकरी कायम झाल्याचा फोन आला तेव्हा नवरा गॅलरीत तोंड फिरवून उभा होता, आणि माझं त्याला चिडवायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी तो आईशेजारी जाऊन बसला. हळूच म्हणाला, "आई, रात्रीचं पाणी शिळं होत नाही गं. टाकीत चांगलं राहतं."

त्यांनी टाकी पुसायचा फडका उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हणजे जन्मभर मी पहाटेची उठले ती उगाच?"

तो पटकन म्हणाला, "उगाच कशी? तू उठलीस म्हणून तर माझी नोकरी राहिली."

दुसऱ्या दिवशी पहाटे बादलीचा आवाज आला. आम्ही दोघंही जागे होतो. कुणीच उठलं नाही.