पदराची रिकामी गाठ

चूक माझीच होती. जळकोटात मी मशीनवर अंगठा घेऊन निराधारांना सरकारचे पैसे देतो. एका आजीचा झिजलेला अंगठा उठेना. मागे रांग होती, म्हणून म्हणालो, "पैसे आलेच नाहीत."

पुढच्या महिन्यात ती पदराची रिकामी गाठ चाचपत आली.

"पैसं सुरू झाल्यापासनं सून सगळ्यांच्या आधी मला च्या द्यायची. आता म्हणती, सगळ्यांचं आलं, तुमीच लपवलं. म्या चार दिवस घर धुंडाळलं. पैसं नेऊन कुटं ठिवून इसरले का काय, बाबा?"

मी मशीन बंद करून तिच्यासोबत घरी गेलो. सुनेसमोर म्हणालो, "पैसे आले होते, खोटं मी बोललो. आजी, मला माफ करा."