मिठाचं गाढव

कोठीच्या दाराला काकांनी बाहेरून कडी घातली तेव्हा आत माझी आई होती. आम्ही तिला माय म्हणतो. बाहेर ओसरीवर मला बघायला आलेले पाहुणे पाय धूत होते.

कोठी म्हणजे आमची धान्याची खोली. त्या वर्षी तिथे लाल मिरच्यांची पोतीही थप्पीला लावलेली होती. नंदुरबारच्या सुक्या मिरचीच्या पोत्यांजवळ धडधाकट माणसालाही ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. लकवा झालेल्या बाईला त्या खोलीत बसवायची अक्कल काकांची. वडील गेल्यापासून घरात काका म्हणतील ते होतं. पाहुण्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की माय सुरतेला बहिणीकडे गेली आहे, भाचीचं बाळंतपण आहे. लकव्याचं एकदा कळलं की स्थळ उंबऱ्यावरूनच परत जातं, सोयरीक झाली की हळूच सांगू, असं त्यांचं गणित.

मी सकाळपासून भांडत होते. माझं तोंड तसंही माझ्या ताब्यात नसतं. पण माझा खरा हिरमोड केला तो मायने. तिचं बोलणं लकव्यानंतर जड झालं आहे, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. तरी तिने तेवढं सांगितलंच.

"मी त्यास्ले दिसाले नको. एक डाव जमू दे."

मग मी काय बोलणार? तिला खुर्चीवर बसवलं, ओला पदर तोंडाला लावून दिला, डाव्या हाताशी पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा ठेवला. खोकला आला की गूळ चघळ म्हटलं. ती हसली, निम्म्या तोंडाने. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मी साडी नेसून, केसांत गजरा माळून चहाचा ट्रे घेऊन पुढे गेले.

मुलगा तळोद्याकडचा, नोकरीला सुरतेला. सोबत त्याची आई आणि मध्यस्थ. माझ्या बायोडाटात काकांनी छंद लिहिले होते वाचन आणि विणकाम. विणकाम! बटण तुटल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. माझा छंद एकच, आणि तो बायोडाटात लिहिण्यासारखा नाही असं सगळ्यांचं मत. तो म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक जुना खेळ. चार भागांची मालिका आहे. राजे, चेटकिणी, दलदली, बर्फाचे डोंगर, आणि गावोगाव भेटणारी अडलेली माणसं. प्रत्येकाचं एक काम असतं. खेळात त्याला क्वेस्ट म्हणतात, मी आणि माय मिशन म्हणतो.

हो, माय. लकवा झाल्यावर तिची खाट कॉम्प्युटरच्या खोलीत आणली, कारण तिथून मोरी जवळ. मी पतसंस्थेतून घरी आले की खेळायला बसायचे आणि ती पडल्या पडल्या बघायची. पहिले काही दिवस नुसती बघत होती. मग एकदा पडद्यावरचा एक सावकार मला गोडगोड बोलून जंगलात पाठवत होता, तर मागून आवाज आला, "हाऊ खोटा बोली ऱ्हायना." आणि खरंच, पुढे जंगलात त्याचेच मारेकरी. त्या दिवसापासून मी तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. जिने सगळी शेती एकहाती सांभाळली, तिला आता घरात भाजी कोणती करायची हेही कोणी विचारत नव्हतं. काका तर तिच्यासमोरच म्हणायचे, "तिले आते काय समजस?" खेळात मात्र तिचा शब्द अखेरचा. माउस माझ्या हातात, डोकं तिचं.

तिची आवडती मिशनं ठरलेली. एका किल्ल्याचा पहारेकरी दार उघडत नाही, त्याला रस्सा करून घालावा लागतो. रानातून काय काय आणायचं ते ती सांगायची आणि मी चुकीचा पाला उचलला की कपाळावर हात मारायची. दुसरं नावाड्याचं. त्याचा मुलगा दलदलीपलीकडे गेलेला, त्याची खबर आणायची. मुलगा सापडतो तो मेलेला. नावाड्याला खरं सांगायचं की खोटं, ते आपल्यावर. मी खरं सांगणार होते. माय म्हणाली, खोटं सांग, सुखी आहे म्हण. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

आणि तिसरं मिठाचं गाढव, सगळ्यात लाडकं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं म्हातारं गाढव मिठाची गोणी घेऊन घाट चढवायचं, वर बर्फात अडकलेल्या गावापर्यंत. तोरणमाळचा घाट चढताना गाडीचं इंजिन जसं कण्हतं, तसं ते गाढव कण्हत चढायचं.

चहा झाला. किती शिकली, किती पगार, मसाल्याची डाळ येते का, सगळं झालं. मग मध्यस्थ म्हणाले, पोरा-पोरीला जरा बोलू द्या. काका उठले आणि मोठ्या ऐटीत आम्हा दोघांना कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेले. त्या खोलीतून कोठीत जायला दार आहे. ज्याला कडी घातली होती तेच दार. काकांना ते तिथे पोहोचल्यावर आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण आता मागे फिरणार कसे? दोन खुर्च्या मांडून ते ओसरीवर गेले.

दारापासून मायची खुर्ची हातभर अंतरावर होती. आमचा शब्द न् शब्द तिला ऐकू जाणार होता, आणि तिचा एक ठसका आम्हाला.

मुलगा खोलीभर बघत बसला. मग त्याची नजर टेबलावर गेली. खेळाच्या सीडीचं कव्हर उचलून ठेवायला आम्ही विसरलो होतो.

"हे कोण खेळतं?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मी," म्हटलं.

तो खुर्चीत पुढे सरकला. कॉलेजात असताना त्याने चारही भाग खेळले होते. त्याचा चेहराच बदलला. विणकामाचा विषय मनातल्या मनात त्यानेही सोडून दिला असणार. कोणता भाग आवडतो, चेटकिणीला कसं हरवलं, पहारेकऱ्याला काय खाऊ घातलं, असे एकामागून एक प्रश्न. मला तो आवडायला लागला, हे मी कशाला लपवू? पण त्याचा आवाज खणखणीत होता, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला माझा कान दारापलीकडे. एकदा आत खुर्ची करकरली. एकदा दबलेला खोकला आला. मी जोराने खाकरले आणि म्हटलं, मिरचीचे दिवस आहेत ना.

"नावाड्याला काय सांगितलंत?" त्याने विचारलं.

"खोटं. सुखी आहे म्हणून."

"मी खरं सांगितलं. पण मग तो नाव सोडून निघून गेला. मला वाईट वाटलं." मग तो म्हणाला, "आणि ते गाढव. ते मिशन मी दोनदा सोडून दिलं. शेवटच्या चढावर मरतंच ते."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण मी सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं की हे तुम्हाला कसं सुचलं, आणि मला ते सुचलेलं नव्हतं. दाराकडे न बघण्यासाठी मी टेबलावरच्या धुळीत बोट फिरवत बसले.

"मी मित्रांनाही विचारलं," तो म्हणाला. "सगळ्यांचं मरतं. लांडग्यांपासून वाचवलं तरी मरतं. खेळच तसा बनवलाय, त्याला मरायचंच असतं."

"मरत नही."

आवाज दारामागून आला. जड, ओढलेला, पण स्पष्ट.

मुलगा दाराकडे बघत राहिला. ओसरीवरच्या गप्पा थांबल्या आणि काका धावतच आत आले. "टीव्ही चालू राहिला वाटतं," असं काहीसं बोलले. त्या खोलीत टीव्ही नाही आणि कोठीत तर दिवाही धड नाही. मुलाने दाराकडे बोट दाखवलं.

"कडी बाहेरून आहे," तो म्हणाला.

मी उठून कडी काढली. मिरचीचा असा भपकारा आला की आम्ही तिघेही खोकायला लागलो. माय तोंडाला पदर लावून बसली होती, डोळे लालबुंद, गाल भिजलेले. गुळाचा खडा मुठीत तसाच होता. तिने ना माझ्याकडे बघितलं ना काकांकडे. पदर बाजूला करून ती थेट मुलाला सांगायला लागली.

"वझं... काढ... त्यानं."

"वहिनी, आते ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले.

"थांबा काका," मुलगा म्हणाला. "त्यांचं होऊ द्या."

तिने बराच वेळ घेतला. गाढवावरची गोणी उतरव. ती तू घे. तुझ्याकडे जागा नसली तर तलवारी फेक, ढाल फेक. लांडगे आले तर हाकलायला काठी पुरते. हे सगळं तोडक्या तोडक्या शब्दांत, मधे दम घेत, ओठाच्या कडेने लाळ येत होती ती डाव्या हाताने पुसत. तो दारात उभा राहून ऐकत होता. तलवार फेकायची हे मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. किती कष्टाने मिळवलेली तलवार! पण मी फेकली होती आणि गाढव वर पोहोचलं होतं.

"कोणालाच सुचलं नाही," तो म्हणाला. मायचा चेहरा फुलला. लकव्यानंतर घराबाहेरच्या माणसाने तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतल्याचं मी तरी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात त्याची आई येऊन उभी राहिली. "ह्या कोन?"

काका बोलायच्या आत मी म्हटलं, "माझी माय."

"सुरतले गयी म्हनी सांगं ना तुमीन?" तिने काकांना विचारलं. मग मायच्या लुळ्या हाताकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, आणि मला विचारलं, "तू सासरे गयी म्हंजे यास्नं कोन करी?"

"मीच करेन. येऊन-जाऊन."

"मंग आमनं कोन करी?"

तिचा सूर वाईट नव्हता. सरळ विचारलं तिने. मी मुलाकडे बघितलं. त्याने नजर वळवली, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. मायचं बोलणं ऐकायला तो थांबला होता, आता स्वतःच्या आईसमोर गप्प होता. जाताना त्याने मायला वाकून नमस्कार केला. "कळवतो" म्हणाले. फोनची मी पुढे कितीतरी दिवस वाट बघितली. आला नाही.

त्या दुपारी काकांनी घर डोक्यावर घेतलं. चांगलं स्थळ हातचं गेलं, आणि तेही कशापायी, तर गाढवापायी! माय खाली मान घालून रडत होती. "मन्ही चूक व्हयनी," म्हणाली. तेव्हा मात्र माझा तोल गेला. चूक? तुला मिरचीत कोंडलं ती चूक नाही आणि तू तोंड उघडलंस ती चूक? काकांना जे बोलायला नको होतं तेही मी बोलले. ते जेवायला आले नाहीत. माय त्यानंतर खेळाकडे बघेना. मी कॉम्प्युटर लावला की भिंतीकडे तोंड करायची. मला वाटलं, संपलं आता. घरात जो एक कोपरा तिचा होता तोही आम्ही घालवला.

होळीच्या आधी दुसरं स्थळ आलं, शहाद्याकडचं. सकाळी काका कोठीकडे बघत घुटमळत होते. कोठी पुन्हा मनात आलीच असणार त्यांच्या. मी काही बोलायच्या आत मायने खाटेवरून हाक मारली.

"मन्ही खुर्ची पुढे ठेव. ओसरीवर."

"वहिनी, परत तेच व्हई," काका म्हणाले.

"व्हऊ दे."

मी तिला जांभळी साडी नेसवली, केस विंचरून अंबाडा घातला, आणि खुर्ची ओसरीच्या मधोमध ठेवली. पाहुणे आले, पाय धुतले, बसले. त्यांच्या नजरा तिच्या हातावर गेल्या आणि तिथेच अडकल्या. काका घसा साफ करून म्हणाले, "ह्या आमच्या वहिनी, जरा तब्येत..." मायने डावा हात वर केला. काका गप्प झाले. तिने पदराने ओठ पुसले आणि एकेक शब्द जोडत, कोणाचीही घाई न मानता सांगितलं.

"मी पोरनी माय. मन्हा उजवा हात चालत नही. डोकं चालस. आते इचारा काय इचारनं ते."