वहीची मुदत

ज्या घरात बंदूक, त्या घरातल्या बाईला मनियार भाभी बांगडी भरत नसत. बाई हात पुढे करून बसली की आधी विचारायच्या, "घरात पिस्तूल, बंदूक काय हाय का, बाई?" बाई हो म्हणाली की सोडलेला खोका पुन्हा बांधायच्या. आमच्या चौसाळ्याच्या भागात कमरेला पिस्तूल म्हणजे वजनदार माणूस. त्यामुळे भाभींनी सोडलेली घरं सगळी बड्यांची होती. "जाऊ द्या गिऱ्हाईक," त्या म्हणायच्या. "तिथं हात थरथरतो माझा. बाईला काच लागंल."

पूर्वी त्या अशा नव्हत्या. लग्नघरात भाभी आल्या की बायका कामं टाकून भोवती जमायच्या. हात कितीही कडक असो, बोलता बोलता त्या तो असा दाबायच्या की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. बाया त्यांच्याजवळ मन मोकळं करायच्या आणि एका घरातलं बोलणं भाभी दुसऱ्या घरात कधीच नेत नसत. त्यांचा नवरा, म्हणजे आमचे चाचा, मोटारसायकलला खोके बांधून त्यांना गावोगाव न्यायचे. भाभी आत बांगड्या भरायच्या, चाचा बाहेर गाडीजवळ बसून राहायचे.

लिंबागणेशच्या पुढे एका पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं. चुडा भरून झाला होता, चाचा वाकून खोके बांधत होते. वरात दारात आली, डीजे लागला आणि मंडपातून गोळ्या उडायला लागल्या. एक चाचांच्या मानेत घुसली. दवाखान्यापर्यंतही ते पोचले नाहीत. माणूस रक्तात पडलेला असताना डीजे बराच वेळ चालूच होता, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पिस्तूल पुढाऱ्याच्या धाकट्या भावाच्या हातात होतं, हे सगळ्या मंडपाने पाहिलं होतं. पोलिसांपुढे मात्र सगळ्या मंडपाला फक्त आवाज ऐकू आला होता. पुढारी सांत्वनाला आले आणि म्हणाले, "अल्लाची मर्जी, भाभी."

"अल्लाला मधी घेऊ नका, सायेब," भाभी म्हणाल्या. "गोळी तुमच्या मंडपातून आली."

काही दिवसांनी त्याच घराच्या विहिरीत ते पिस्तूल सापडलं. नंबर शाबूत होता. आम्हाला वाटलं, आता सुटका नाही. नंबरावरून कारखाना कळला, कारखान्यावरून ते विकणारं दुकान कळलं. दुकान केव्हाच बंद झालेलं, मालक वारलेला. विक्रीच्या वह्या सरकारी कार्यालयात जमा केल्याची पोच तेवढी होती. माझं सेतू केंद्र असल्यामुळे अर्ज मी लिहिले आणि भाभींना घेऊन मीच त्या कार्यालयात खेटे घातले. आज साहेब नाहीत, उद्या बैठक आहे, असं करता करता वर्ष गेलं. शेवटी एका कारकुनाने सांगितलं, "वह्या ठेवायची मुदत संपली होती. जुनं रेकॉर्ड नष्ट केलं."

भाभींनी शांतपणे विचारलं, "आन् बंदुकीची मुदत?"

"म्हणजे?"

"वही जुनी झाली म्हणून फाडली. बंदूक जुनी झाली म्हणून कुणी फोडली का? ती तर चालली की. माझ्या माणसाला लागंपर्यंत चालली."

कारकून कागद चाळायला लागला. भाभी उठल्या नाहीत. "माझ्या सासऱ्याच्या आज्याच्या जमिनीचा निजामाच्या वक्ताचा कागद तहसिलात हाय. उर्दूतला. इंचभर जमिनीला शंभर वर्षं कागद जपता, सायेब. माणूस मारायच्या चीजंला कावून न्हाई?"

त्याने पाणी मागवलं. भाभींनी ते घेतलं नाही. पिस्तूल कुणी विकत घेतलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते विहिरीत कुणी टाकलं हेही कुणी पाहिलेलं नव्हतं. तपास बंद झाला. कागदोपत्री चाचांना मारणारा अज्ञात इसम राहिला.

मग एका दुपारी त्या पुढाऱ्याची मुलगी चौसाळ्यात भाभींच्या घरी आली. तिचं लग्न ठरलं होतं. मी तिथेच होते. मुलगी उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "भाभी, तुम्ही आमच्या घरी येणार नाही, म्हणून मीच आले. मला लहानपणापासून तुम्हीच बांगड्या भरल्यात."

मला वाटलं, भाभी तिला हाकलतील. मी तर हाकललंच असतं. भाभींनी खोका उघडला, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकही काच न लागू देता चुडा भरला. मग तो हात तसाच धरून म्हणाल्या, "त्या दिशी कुणी उडवली, तुला ठावं हाय. तुला मी साक्ष मागणार न्हाई, पोरी. तुझं जगणं तुझ्या चुलत्याच्या घराला बांधलेलं हाय. पर इसरू नको. सरकारनं इसरायचं ठरवलंय, तू नको."

मुलगी रडली. "काकाच होता," एवढंच म्हणाली आणि गेली. ती आता सासरी लांब आहे. तिचाही मला राग येतो. भाभींना येत नव्हता. त्यांचा सगळा राग त्यांनी त्या कार्यालयासाठी राखून ठेवला होता, आणि अंगात ताकद होती तोवर त्या तिथे जात राहिल्या. "मी गेले की त्यांना सोपं जाईल," म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात भाभी गेल्या. साधा ताप आल्याचं निमित्त झालं. जनाजा हमरस्त्यावरून कब्रस्तानकडे निघाला. जनाज्यात बायका जात नाहीत, तरी चौकापर्यंत मागे चालत गेलेल्या बायकांत मी होते. चौकात पुढाऱ्याच्या त्या धाकट्या भावाच्या वाढदिवसाचा दुमजली उंच फलक लागला होता. पांढरे कपडे, काळा चष्मा आणि कमरेला नवं पिस्तूल. खांदेकरी त्याच्या खालूनच गेले. मी मान वर करून तो फलक नीट वाचला. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते, प्रत्येकाच्या नावासह, वडिलांच्या नावासह, गावासह. एकही नाव गळलेलं नव्हतं.